‘पंधराव्यातून घ्या’ म्हणजे नेमकं कुणाच्या पैशातून? गावाचा आणि शहराचा खिसा समजून घेताना

ग्रामसभेत स्मशानभूमीच्या शेडचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "पंधराव्यातून घ्या की." रस्त्यावरचे दिवे, अंगणवाडीचे गळके पत्रे, शाळेचं कुंपण, काहीही असो, उत्तर ठरलेलं. मग ग्रामसेवक (हल्ली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) समजावतात की हे बंधितमध्ये (ठरवून दिलेल्या कामांच्या पैशात) बसत नाही, अबंधितमध्ये (मोकळ्या पैशात) तेवढी शिल्लक नाही आणि मुळात हे काम आराखड्यातच धरलेलं नाही. विषय पुढच्या सभेवर जातो. लोकांना वाटतं, सरपंच टाळतोय. सरपंचाला वाटतं, मग आपण निवडून आलो कशाला? त्या पैशाचे मुख्य निर्णय गावात होतच नाहीत, ही गोष्ट दोघांनाही कुणी नीट सांगितलेली नसते. म्हणून ती इथे सांगतो.

"पंधरावा" म्हणजे पंधरावा वित्त आयोग. घटनेच्या २८० व्या कलमानुसार राष्ट्रपती साधारण दर पाच वर्षांनी हा आयोग नेमतात. केंद्राने गोळा केलेल्या करांतला किती वाटा राज्यांना द्यायचा, हे सुचवणं हे त्याचं मुख्य काम. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनंतर त्यात भर पडली ती पंचायती आणि नगरपालिकांच्या तिजोरीला हातभार लावण्याच्या शिफारशींची. एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशभरातल्या स्थानिक संस्थांना मिळून ४,३६,३६१ कोटी रुपये सुचवले. त्यातले २,३६,८०५ कोटी ग्रामीण संस्थांसाठी, १,२१,०५५ कोटी शहरांसाठी आणि उरलेल्यातला मोठा भाग प्राथमिक आरोग्यसेवेसाठी. २०२६-२७ पासूनची पाच वर्षं सोळाव्या आयोगाची आहेत, अरविंद पनगढिया त्याचे अध्यक्ष. बोलण्यात मात्र अजून पंधरावाच आहे.

दहा लाखांचा हिशेब

आकडे कोटींत असले की डोळ्यांसमोर काही येत नाही. म्हणून एका ग्रामपंचायतीचा हिशेब मांडू. समजा वर्षाला दहा लाख रुपये आले. पंधराव्या आयोगाच्या, म्हणजे २०२५-२६ पर्यंतच्या, नियमाप्रमाणे त्यातले सहा लाख बंधित. म्हणजे तीन लाख पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण वगैरेंसाठी आणि तीन लाख स्वच्छतेसाठी, गाव हागणदारीमुक्त ठेवण्यासाठी. गावात पाण्याची सोय उत्तम असली आणि रस्त्याची दैना झालेली असली तरी हे सहा लाख रस्त्याला लागत नाहीत.

उरले चार लाख, ते अबंधित. त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही. म्हणजे पाणी सोडणाऱ्या शिपायाचा पगार यातून निघत नाही. बाकी गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करायची मुभा आहे, पण काम आधी गावाच्या विकास आराखड्यात असलं पाहिजे, आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढलेला असला पाहिजे आणि पैसे निघायला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्याही डिजिटल सह्या लागतात.

त्यात अधूनमधून राज्याचा आदेश येऊन थडकतो. २०२१ मध्ये असंच झालं. बिलं थकली म्हणून गावोगावी रस्त्यावरच्या दिव्यांची वीज तोडली जात होती. पथदिव्यांची बिलं वर्षानुवर्षं वरूनच भरली जात, ग्रामपंचायतीला त्याची सवयच नव्हती. राज्य सरकारने सांगितलं की ही बिलं वित्त आयोगाच्या निधीतून भरा. सरपंचांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: केंद्राने विकासकामांसाठी दिलेल्या पैशातला जो थोडा भाग आमच्या मर्जीचा, त्यातच तुम्ही हात घालताय. वीज वापरली तर बिल भरलं पाहिजे, यात दुमत नाही. पण आधी राज्य उचलत असलेला भार केंद्राच्या पैशावर ढकलला गेला आणि तो निर्णय गावाला विचारून झाला नाही, ही त्यातली खरी बोच होती.

गावाच्या स्वतःच्या उत्पन्नावरही खुणा करून ठेवलेल्या आहेत. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार लिलाव यांतून जे जमतं, त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. हे उद्देश मला पूर्ण मान्य आहेत. सक्ती नसती तर कितीतरी गावांत दिव्यांगांसाठी एक रुपयाही निघाला नसता. तरीही हिशेब करताना लक्षात ठेवायला हवं की सरपंचाच्या हातात मोकळा पैसा आपण समजतो त्याच्या निम्माही नसतो.

आता देशाचं चित्र. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतींच्या अर्थकारणावर अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार पंचायतींच्या उत्पन्नातल्या शंभर रुपयांपैकी सुमारे ८० रुपये केंद्राच्या अनुदानातून येतात, सुमारे १५ राज्याकडून आणि स्वतःच्या करांतून फक्त एक रुपया. ज्या संस्थेला आपण स्थानिक स्वराज्य संस्था म्हणतो, तिची ही मिळकत आहे.

केंद्र आणि गाव यांच्या मधलं दार

अशा वेळी सगळा दोष दिल्लीला देणं सोपं असतं. पण घटना काय सांगते ते बघू. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, ७४ वी १ जून १९९३ ला. त्यांनी पंचायती आणि नगरपालिकांना घटनेत जागा दिली, पाच वर्षांची मुदत दिली, महिलांना आणि मागासवर्गीयांना आरक्षण दिलं, राज्य निवडणूक आयोग दिला, राज्य वित्त आयोग दिला. अकराव्या अनुसूचीत ग्रामपंचायतींपासून जिल्हा परिषदांपर्यंतच्या संस्थांसाठी २९ विषय आले, बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८. मात्र यातले कोणते विषय, किती अधिकारांसह आणि किती पैशांसह खाली सोडायचे, हे राज्याच्या विधिमंडळावर सोपवलं. स्थानिक शासन हा विषय राज्यसूचीतच राहिला.

म्हणजे पंचायत ही घटनेने जन्माला घातलेली, पण राज्याच्या कायद्याने वाढवायची संस्था आहे. कर कोणता लावायचा, जास्तीत जास्त किती लावायचा, घरपट्टी कशी आकारायची, सरपंच थेट लोकांनी निवडायचा की सदस्यांनी, प्रभागात एक नगरसेवक असेल की चार, हे सगळं राज्य ठरवतं. थेट सरपंच निवडीचा नियम महाराष्ट्रात २०१७ ला आला, २०२० ला गेला आणि २०२२ ला पुन्हा आला. सत्ता बदलली की नियम बदलले. गावाने यातलं काहीही मागितलेलं नव्हतं.

केंद्राचं अनुदानही थेट गावात पडत नाही. ते आधी राज्याकडे येतं, मग खाली जातं. चौदाव्या आयोगाच्या वेळी, २०१५ ते २०२० मध्ये, ग्रामीण भागाचा अख्खा निधी ग्रामपंचायतींसाठी होता. तेव्हा जिल्हा परिषद सदस्यांची आणि पंचायत समिती सदस्यांची तक्रार असायची की आम्हाला काही कामच उरलं नाही. पंधराव्याने तिन्ही स्तरांना वाटा दिला. महाराष्ट्रात ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला अशी वाटणी झाली.

राज्याने मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, त्याचं उदाहरण केरळ. १९९६ मध्ये तिथे लोकनियोजनाची मोहीम सुरू झाली आणि राज्याच्या योजनेतला ३५ ते ४० टक्के पैसा स्थानिक संस्थांकडे देण्याचा निर्णय झाला. घटना दोन्ही राज्यांना तीच होती. आपल्याकडे १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या तेव्हा देश महाराष्ट्राकडे बघत होता. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर उभी राहिलेली ती व्यवस्था प्राथमिक शाळा, दवाखाने, गावरस्ते सांभाळायची आणि तिच्यातून राज्याला कितीतरी आमदार-मंत्री मिळाले. नंतर त्याच आमदार-मंत्र्यांच्या काळात जिल्हा परिषदेचे अधिकार आणि योजना एकेक करून राज्याच्या खात्यांकडे सरकत गेल्या, हे मला फार खटकतं.

जकात गेली, पुढे काय झालं

शहरांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती समजल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आपल्या महापालिकांकडे एकेकाळी स्वतःच्या कमाईचं भक्कम साधन होतं, ते म्हणजे जकात. शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावरच कर घ्यायचा. दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द या नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागायच्या. ड्रायव्हर तासन्‌तास खोळंबायचे, चिरीमिरी चालायची, व्यापारी वैतागलेले असायचे. जकात जायला हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न तिच्या जागी काय आलं हा आहे.

नगरपालिकांची जकात १९९९ मध्येच बंद झाली आणि त्या राज्याच्या अनुदानावर आल्या. महापालिकांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर आला, ज्याला सगळे एलबीटी म्हणत. नाके गेले, पण व्यापाऱ्याने स्वतः हिशेब देऊन महापालिकेकडे कर भरायचा होता. २०१३ मध्ये पुण्यासारख्या मोठ्या शहरांत तो लागू झाला तेव्हा व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून आंदोलनं केली. अखेर १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींहून कमी उलाढाल असलेल्यांचा एलबीटी माफ झाला, म्हणजे बहुतेक सगळ्यांचाच. मुंबईत मात्र जकात ३० जून २०१७ पर्यंत टिकली. १ जुलैला जीएसटी आला आणि ती संपली. त्याआधीच्या १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली जकातीची नोंदच काढून टाकली होती. आता राज्याने ठरवलं तरी जकात परत आणता येत नाही.

यातून होणाऱ्या नुकसानीची भरपाई देण्यासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा केला. २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरायचं आणि त्यावर दरवर्षी ८ टक्के वाढ द्यायची. जुलै २०१७ च्या पहिल्याच आठवड्यात मुंबई महापालिकेला सुमारे ६४७ कोटींचा पहिला हप्ता मिळाला. वर्षाचे होतात पावणेआठ हजार कोटींच्या घरात. हा कायदा करून घेतल्याबद्दल महाराष्ट्राला श्रेय द्यायला हवं. भरपाई कायद्यात आहे, मंत्र्याच्या मर्जीत नाही, ही मोठी गोष्ट आहे.

पण फरक समजून घ्या. जकात होती तेव्हा शहराचा व्यापार वाढला की पालिकेची तिजोरी आपोआप वाढायची. आता शहरात उद्योग आले काय, बाजार ओस पडला काय, येणारा आकडा तोच. शहरात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर जीएसटी लागतो. त्यातला अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. त्या वस्तू ज्या रस्त्यांवरून आल्या, ज्या बाजारात विकल्या गेल्या, ज्यांचा कचरा शेवटी पालिकेच्या गाडीत पडला, त्या शहराचा त्यात ठरलेला हिस्सा नाही. जीएसटी परिषदेत केंद्राचा मंत्री बसतो, राज्यांचे मंत्री बसतात. तिथे महापौर नसतो.

केंद्राने राज्यांना जीएसटीच्या उत्पन्नात दिलेली १४ टक्के वाढीची हमी पाच वर्षांची होती, ती जून २०२२ ला संपली. त्यानंतर महापालिकांची भरपाई ही सर्वस्वी राज्याच्या खांद्यावर आहे. राज्यावर कर्जाचा बोजा वाढतोय, नव्या योजनांचा खर्च वाढतोय. अशा वेळी महापालिकांची ती ८ टक्के वाढ कायद्यात टिकवणं हा महापालिकांच्या जिवाभावाचा प्रश्न आहे, आणि त्यावर शहरांत कुणी बोलताना दिसत नाही.

जकातीनंतर महापालिकांच्या हाती राहिलेलं मोठं साधन म्हणजे मालमत्ता कर. त्याच्या चाव्याही मुंबईत, म्हणजे मंत्रालयात. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना हा कर माफ करण्याची घोषणा झाली. महापालिकेतल्या सत्ताधारी पक्षाचंच ते वचन होतं, तरी देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेला ते स्वतःच्या अधिकारात पाळता आलं नाही, राज्याला कायदा बदलावा लागला. वर्षाला चारशे कोटींहून अधिक उत्पन्न गेलं ते प्रामुख्याने महापालिकेचं. गरिबाच्या घराला सूट द्यायला हरकत नाही. पण जो सूट देतो त्याने तिचा खर्चही उचलावा, एवढी साधी शिस्त आपल्याकडे नाही.

केंद्राच्या योजनांतही हाच कल दिसतो. २०१५ ची स्मार्ट सिटी योजना घ्या. केंद्राकडून शहराला पाच वर्षांत ५०० कोटींपर्यंत मिळणार, पण खर्च करायला कंपनी कायद्याखाली वेगळी कंपनी काढायची अट. निवडून आलेल्या महासभेच्या बाजूला एक संचालक मंडळ उभं राहिलं. नवी मुंबईच्या महासभेने त्या कंपनीला तेव्हाच विरोध केला होता.

निवडणूक नाही, तर पैसाही नाही

वित्त आयोगाच्या अटींतली एक अट महाराष्ट्राला फार महागात पडली: अनुदान रीतसर निवडून आलेल्या संस्थांनाच मिळेल. मार्च २०२१ मध्ये ओबीसी आरक्षणावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. मग आयोग, अध्यादेश, प्रभागरचनेतले बदल आणि कोर्टातल्या तारखा यांत निवडणुका अडकल्या. मुंबई, पुणे आणि बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. छत्रपती संभाजीनगरच्या महापालिकेची तर एप्रिल २०२० मध्येच. सगळीकडे प्रशासक बसले. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांचं व १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांचं मतदान झालं. संभाजीनगरच्या मतदाराला मधली जवळपास सहा वर्षं नगरसेवक नव्हता.

या काळात ज्या संस्था निवडून आलेल्या नव्हत्या, त्यांचे हप्ते अडले. ग्रामीण भागात जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा मिळून २० टक्के वाटा, आणि शहरांचं अनुदान. ग्रामपंचायतींच्या निवडणुका बऱ्याच ठिकाणी होत राहिल्या, म्हणून त्यांचा पैसा बराचसा वाचला.

ही अट मला योग्य वाटते. घटनेने पाच वर्षांच्या आत निवडणूक घ्यायला सांगितली आहे आणि प्रशासकाच्या हाती पाच वर्षांचा पैसा देऊन ठेवणं हे स्वराज्य नव्हे. पण शिक्षा कुणाला झाली? निवडणूक लांबली ती सरकार आणि न्यायालय यांच्यातल्या घोळात, आणि पैसा गेला तो तालुक्यातल्या पाणीयोजनेचा, शहरातल्या गटाराचा. आयोगाला राज्याच्या वाट्याला कात्री लावता आली असती. तसं झालं असतं तर निवडणुका इतक्या लांबल्या नसत्या, असं माझं स्पष्ट मत आहे. अटी लावणाऱ्याने आधी बघावं की अट मोडणारा कोण आहे.

सगळ्याच अटी वाईट, असंही नाही. लेखापरीक्षण झालेले हिशेब ऑनलाइन ठेवा, नाहीतर अनुदान नाही, या अटीमुळे आज गावातला कुणीही मोबाइलवर आपल्या पंचायतीचा खर्च पाहू शकतो. दहा वर्षांपूर्वी हे बघायला माहिती अधिकाराचा अर्ज करून महिनाभर थांबावं लागायचं.

स्वतःची कमाई असली की

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचं छोटं गाव आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायला वनखात्याचा वाहतूक परवाना लागत होता, आणि तो मिळेना. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला आणि गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकायला सुरुवात केली. ते उत्पन्न ग्रामसभेच्या खात्यात जमा होतं आणि खर्च कशावर करायचा हे गाव बसून, सर्वसहमतीने ठरवतं. त्या पैशाला बंधित-अबंधित असं काही नसतं.

प्रत्येक गावाजवळ जंगल नसतं, हे खरं. पण अबंध पैसा देता येतो, हे राज्यानेही एका ठिकाणी करून दाखवलं आहे. २०१५ पासून पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भागासाठीच्या पंचायत कायद्याखाली येणाऱ्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट दिला जातो आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. आदिवासी गावांना जे जमतं, ते सोलापूरच्या किंवा सिंधुदुर्गच्या गावाला जमणार नाही, असं मानायला काहीच आधार नाही.

आपल्या बाजूनेही एक गोष्ट राहते, ती म्हणजे घरपट्टी. वसुलीला कर्मचारी आला की "पुढच्या महिन्यात" म्हणून परत पाठवणारे आपणच, आणि सरपंच मतांच्या भीतीने थकबाकीदारांची नावं फलकावर लावत नाही. शंभरातला तो एक रुपया दहावर गेला, तर त्यातून शिपायाचा पगार निघेल, विजेचं बिल निघेल, आणि वित्त आयोगाचा अबंधित पैसा खरोखर अबंधित राहील.

आपल्या गावाचं नेमकं काय चाललंय हे बघायचं असेल तर ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडा. मंजूर आराखडा, आलेला निधी आणि कामनिहाय खर्च तिथे दिसतो. पुढच्या वर्षाचा आराखडा करायची लगबग साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते, त्यामुळे काम सुचवायचं तर तेव्हा. नंतर सुचवलेलं काम कितीही गरजेचं असलं तरी अडतं. शहरात राहत असाल तर महापालिकेच्या अर्थसंकल्पात जमेच्या बाजूला दोन आकडे शोधा: जीएसटी भरपाई आणि मालमत्ता कर. पहिला दुसऱ्याच्या किती पट आहे ते काढा, आणि नव्याने निवडून आलेल्या आपल्या नगरसेवकाला विचारा की भरपाईचा कायदा उद्या बदलायचा ठरला तर त्यांच्या पक्षाची भूमिका काय असेल.